केसांसाठी काय घेता?

३ फेब्रुवारी

आकडेवाल्या डॉक्टरीणबाईंना,

तुमचा निरोप मिळाला. दीड वर्षाचा अबोला मोडायचा तर माणूस निदान "कसे आहात" एवढं तरी विचारतो. तुम्ही काय लिहिलंत? "बाबा, प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी करून घ्या. काका कशाने गेले ते विसरू नका." मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. फोन करणार नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्र मात्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. आणि जन्मभर पाट्या रंगवलेल्या माणसाचं अक्षर लागत नाही, ही सबब कुणी ऐकून घेणार नाही.

तर ऐक. मी ठणठणीत आहे. हे सगळं तुझ्या आत्याचं काम, मला माहीत आहे. राहते खालच्या मजल्यावर, पण कान माझ्या घरात ठेवून जाते. "दादाच्या संडासातलं पाणी सारखं वाजतं," असं तिने तुला कळवलं असणार. अगं, मी पाणी भरपूर पितो. भरपूर पाणी प्यावं हे तूच मला शाळेत असताना सांगायचीस. आता ते आत जातं तर बाहेरही येणारच.

काम जोरात आहे. हल्ली मी निवडून घेतो इतकंच. उंच भिंती सोडल्या. परांचीवर चढायला वेळ लागतो, उतरायला त्याहून जास्त. त्यापेक्षा तळमजल्यावरच्या दुकानांच्या पाट्या बऱ्या. परवा बेकरीची केली. बेकरीवाला भला माणूस, मागच्या बाजूला जाऊ देतो, कितीही वेळा गेलो तरी तोंड वाकडं करत नाही. चष्म्याच्या दुकानवाल्याला मात्र मी नकार दिला. त्याच्याकडे सोय नाही.

आणि माझ्या गोळ्यांबद्दल आत्याला विचारत जाऊ नकोस, मला विचार. होय, चालू आहेत. ई, डी, सी, झिंक, सेलेनियम आणि वरून सगळं मिळून एक मोठी. तुझी आई गेली, मागोमाग माझा दादा गेला. दादा त्याच प्रोस्टेटने गेला, मी उशाशी बसलो होतो. मी हातावर हात ठेवून बसणारा माणूस नाही. मास्तरांनी पहिली बाटली आणून दिली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपणही काहीतरी करतो आहोत. शाळेत जन्मभर कवायत घेतलेला माणूस, या वयात ताठ चालतो, त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

आणि औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणारी तू, माझ्या वाढदिवसाला, माझ्या घरात, त्याच मास्तरांच्या हातातली बाटली घेऊन भर पंगतीत सांगितलंस की हजारो धडधाकट पुरुषांना वर्षानुवर्षं व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं, प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल या आशेने, आणि ई घेणाऱ्यांत तो कमी व्हायच्या ऐवजी थोडा जास्तच निघाला. मास्तरांचा चेहरा असा पडला की बघवेना. मी म्हणालो, "तुझे आकडे तुझ्या ऑफिसात ठेव." तू पर्स उचललीस. मला वाटलं जिन्यापर्यंत जाशील आणि परत येशील.

तपासणी करणार नाही. कारण काही झालेलंच नाही.

तुझा ठणठणीत बाप

१९ फेब्रुवारी

ठकूबाई,

केली तपासणी! तुझं तोंड कायमचं बंद करायला केली, दुसरं कारण नाही. आत्या सोबत आली होती. रस्ताभर "दादा, नीट सांग हं, लपवू नकोस" हे चालू होतं. मी काय गुन्हेगार आहे?

डॉक्टर तुझ्याच वयाची मुलगी. हसरी, पण प्रश्न विचारायला लागली की सुटका नाही. कोणत्या गोळ्या घेता, विचारलं. मी छाती काढून सगळ्या सांगितल्या. ती लिहीत गेली आणि ई म्हटल्यावर तिची पेन्सिल जराशी थांबली. तुमच्या सगळ्यांच्या पेन्सिली ई वरच का अडतात कोण जाणे. मग तिने खोक्यातून हातमोजे बाहेर काढले. मी विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "काका, बोटाने प्रोस्टेट तपासायचं असतं, एक मिनिट लागेल." मी म्हटलं, "आधी रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघू," आणि असा उठलो की आत्याची पिशवी तिथेच राहिली.

आणि रिपोर्ट काय? नॉर्मल! मर्यादेच्या आत, आणि चांगलाच आत. पुन्हा वाच. नॉर्मल. इतकी वर्षं गोळ्या घेतो आहे, त्याचं हे फळ. तुझ्या हजारो पुरुषांचं जे झालं असेल ते असो, या एका पुरुषाचं हे असं आहे. मास्तरांना दाखवला तेव्हा त्यांनी बागेतल्या बाकावर उभं राहून माझं अभिनंदन केलं.

आता तुझी पाळी. अमुक दिवशी येते म्हणून कळव, माझ्या टेबलावर जेव आणि मास्तरांना एकदा सॉरी म्हण. मी बाकी काही मागत नाही.

सोबत फोटो पाठवतो आहे. आत्याने बाल्कनीत काढला. नीट बघ आणि सांग, हा माणूस आजारी दिसतो? चेहरा बघ. केस बघ! न्हावी परवा म्हणाला, "पेंटरसाहेब, या वयात पुन्हा दाट व्हायला लागलेत, लोक मला कारण विचारतात." मी नुसता हसलो.

आणखी एक. रिपोर्ट असा आल्यावर भिंती कशाला सोडायच्या? पोहण्याच्या तलावाची बाहेरची मोठी भिंत घेतली आहे. निळी लाट काढायची, वर दोन माणसं उंच अक्षरं. उद्यापासून परांची बांधतात.

तुझा नॉर्मल बाप

८ मार्च

ठकू,

तुझं पत्र मिळालं. मी सॉरीची वाट बघत होतो. तू एका ओळीत विचारलंस, "बाबा, केसांसाठी काय घेता?"

हा काय प्रश्न आहे? बापाने प्रकृतीचा रिपोर्ट पाठवला आणि लेकीने बघितलं काय, तर केस! काही घेत नाही. देवाने दिलेले केस आहेत. तुझ्या आजोबांचे शेवटपर्यंत होते.

खालचा मजकूरही वाचला. केसांसाठी जे व्हिटॅमिन मिळतं, बायोटिन, ते मोठ्या मात्रेत पोटात असेल तर काही लॅबच्या तपासण्या फसतात, पीएसए आहे त्याहून कमी दिसू शकतं, म्हणून मी सगळ्या गोळ्या आठवडाभर बंद करून पुन्हा रक्त द्यावं. हे तू कुठून काढलंस? लाखो रुपयांचं मशीन, आणि त्याला केसांची एक गोळी टोपी घालते? उद्या सांगशील दाढीचा साबण बदलला की बीपी उतरतं.

समजा, नुसतं समज, एखादा माणूस घेत असेल अशी गोळी. त्याने ती कशी सांगायची? समोर तुझ्या वयाची डॉक्टर, शेजारी आत्या. सांगायची कशी? आणि प्रोस्टेट कुठे, केस कुठे. कुणालाही वाटेल की या गोळीचा त्या तपासणीशी संबंध नाही. मी हे त्या 'समजा'तल्या माणसाबद्दल बोलतो आहे.

दुसरं काही विशेष नाही. तलावाची भिंत थांबली आहे. डबा निसटला. निळ्या रंगाचा भरलेला डबा परांचीवरून हातातून सुटला आणि सगळा पँटवर. कमरेपासून खाली मी निळा. खालचे लोक हसले, मीही हसलो. बूट टाकून द्यावे लागले. तसाच घरी आलो, वाटेत कुत्री मागे लागली. तेव्हापासून गेलो नाही तिकडे. जरा विश्रांती घेतो आहे.

पुन्हा रक्त देणार नाही. नॉर्मल म्हणजे नॉर्मल.

बाबा

१० मार्च

ठकू,

आधीचं पत्र पोचायच्या आतच हे लिहितो आहे. ते पोचलं की वाच, पण त्यातलं डब्याचं खरं मानू नकोस.

डबा निसटला नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून भरलेला डबा कधी निसटला आहे का? मी वरच्या फळीवर होतो. लाटेची कड ओढत होतो, ओला रंग, मधे थांबलं तर जोड दिसतो. म्हटलं, एवढी पुरी करू आणि मग उतरू. उतरायला चार शिड्या. दुसरीपर्यंत आलो आणि मला आवरलं नाही. खाली तलावावर पोहायला आलेले लोक रांगेत उभे होते, बायका, मुलं. मला एवढंच सुचलं. हातातला डबा उचलला आणि स्वतःच्या अंगावर ओतला.

लोक हसले तेव्हा मला हायसं वाटलं, ठकू. आणि घरी येऊन नळाखाली निळा रंग घासताना लाज वाटली. आणि भीती वाटली. दादाचंही असंच सुरू झालं होतं. तो म्हणायचा, पाणी जास्त प्यायलो. मी शेजारी बसून हो हो म्हणायचो.

आणि हो, घेतो. बायोटिन. न्हाव्याकडून आणतो, चांगली तगडी गोळी, रोज सकाळी. मास्तरांनाही माहीत नाही. तुझी आई म्हणायची, "मी आधी शिडीवरचे केस पाहिले, मग माणूस पाहिला." ती गेली आणि वर्षभरात केसही निघाले. उशीवर, कंगव्यात, ब्रशला चिकटून. मला दोन्ही एकदम सोसवेना. तिला परत आणायची गोळी नाही, केसांची होती. हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

आज सकाळपासून बंद केली. केसांची, ई, सेलेनियम, सगळ्या. पटलं म्हणून नाही, तू सांगितलंस म्हणून. आठवड्याने आत्याला न घेता डॉक्टरकडे जातो आणि तिला सगळं सांगतो. केसांचंसुद्धा.

बाबा

२ एप्रिल

ठकू,

शांतपणे वाच, मी शांतपणे लिहितो आहे.

डॉक्टरला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "काका, हे सांगायला आलात हे फार बरं केलंत. आमच्या लॅबच्या पद्धतीत बायोटिनने आकडा खाली येऊ शकतो. मीच स्पष्ट विचारायला हवं होतं." मग मोजे घातले. मी भिंतीवरच्या पाटीकडे बघत राहिलो. "कृपया शांतता राखा." अक्षरांमधलं अंतर चुकलेलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि त्याच्यासाठी मी पळून गेलो होतो!

पण मोजे काढताना ती हसरी नव्हती. तिला एका बाजूला टणक लागलं. रक्त पुन्हा घेतलं. यावेळचा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट. मग एमआरआय, मग बायॉप्सी. बायॉप्सीचं वर्णन करत नाही, बापाची थोडी इज्जत राहू दे.

कॅन्सर आहे.

लिहिताना हात हलला नाही, बघ अक्षर. प्रोस्टेटच्या आतच आहे, बाहेर कुठे गेलेला दिसत नाही. पण स्वभावाने गरीब नाही, नुसती नजर ठेवून बसण्यातला नाही. काढायला हवा. डॉक्टर म्हणाली, तो नॉर्मल रिपोर्ट उराशी धरून आणखी वर्षदोन वर्षं बसला असतात, तर हे वाक्य वेगळं असतं. दादाचं वेगळंच होतं. मी बरा होणार आहे. हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही, मला तसंच वाटतं.

मी तिला सरळ विचारलं, "गोळ्यांनी झाला का हो?" तुझी जातवाली आहे ती, सरळ हो किंवा नाही म्हणेल तर शपथ. म्हणाली, एका माणसाबद्दल ते कुणालाच सांगता येणार नाही. सख्ख्या भावाला होता, वय झालेलं, हीच मोठी कारणं. ई ने धोका थोडा वाढतो असं मोठ्या अभ्यासात दिसलं, तुमच्यात तिने काही भर घातली की नाही, देव जाणे. पण तुमचं रक्षण तिने केलं नाही, हे नक्की. अंगात काय कमी आहे ते तपासून तेवढंच घ्यावं, उगाच मूठ-मूठ गोळ्या घेऊ नयेत. मी म्हटलं, माझी मुलगी हेच म्हणाली होती, मी तिला घराबाहेर काढलं. ती म्हणाली, "मग फोन करा की." मी म्हटलं, पत्र लिहितो.

मास्तर काल आले होते. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "पेंटर, मी तुम्हाला विष दिलं का हो?" ताठ माणूस असा वाकलेला मी कधी बघितला नव्हता. मी म्हटलं, "विष कसलं? तुम्ही मैत्रीने दिलंत, मी हौसेने खाल्लं. आता उठा आणि तुम्हीही तपासून घ्या." ते तयार होईनात. म्हणाले, "मला काही होत नाही." मी म्हटलं, हे वाक्य माझं आहे, ते माझं दीड वर्ष वापरून झालं आहे. आज सकाळी त्यांना मीच घेऊन गेलो. रक्त दिलं त्यांनी. त्यांचं खरोखरच नॉर्मल निघेल असं मला वाटतं, केस नाहीतच त्यांना.

ऑपरेशन सहा मेला. ये म्हणत नाही. तुझं काम असतं, लांबचा प्रवास. आत्या आहे इथे, ती मला जिवंत ठेवायला पुरेशी आहे आणि मारायलाही.

ये, ठकू.

बाबा

१७ मे

ठकू,

तू दुपारची आतल्या खोलीत झोपली आहेस. दार अर्धं उघडं आहे, तुझा एक पाय पांघरुणाबाहेर आहे, आणि मी माझ्या रंगांच्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहितो आहे. आत्याने बघितलं तर म्हणेल, ऑपरेशन खाली झालं की डोक्याचं?

गेले दहा-बारा दिवस आपण फक्त कामाचं बोललो. पिशवी भरली का, नळी ओढली जाते का, पाणी प्यायलात का. नळी निघाल्यावर माझी जी फजिती चालू आहे तिचे कपडे तू एक शब्द न बोलता धुतेस. मी परवा माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणालीस, "बाबा, डॉक्टर म्हणाल्या काही आठवडे असं होणारच, व्यायाम करा." मी व्यायाम केला. तुझ्याशी बोलायला मला अजून कागदच लागतो.

आता मुद्द्याचं. तू झोपलीस आणि थोड्या वेळाने डॉक्टरचा फोन आला. काढलेल्या प्रोस्टेटचा रिपोर्ट. मी खुर्चीत सरळ बसलो. ती म्हणाली, "काका, कडा स्वच्छ आहेत, मागे काही राहिलेलं दिसत नाही. आजूबाजूच्या ग्रंथींमध्येही काही नाही." मी म्हटलं, "पुन्हा सांगा." तिने पुन्हा सांगितलं. मी विचारलं, "हा नॉर्मल पहिल्यासारखा तर नाही ना?" ती खूप हसली. म्हणाली, हा मायक्रोस्कोपखाली बघितलेला आहे, याला कुणी फसवलेलं नाही. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, वर्षानुवर्षं. आणि पोटात जे जे जाईल ते सगळं सांगायचं. मी हो म्हटलं.

मग मी रडलो. आवाज न करता, तू उठशील म्हणून. मला वाटायचं मी मरायला भितो. तसं नव्हतं. मला सारखं एक दिसायचं. मी गेलो आहे, तू या घरात आली आहेस, बाटल्या कपाटातून काढून बघते आहेस. तुझं सगळं खरं निघालं आहे आणि ते ऐकून घ्यायला मी नाही. माझ्यावर ओरडायला तुला मीच उरलेलो नाही. ते मला सहन होत नव्हतं. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेताना तू माझा हात धरलास ना, तेव्हा मी भूल द्यायच्या आत एवढंच म्हणत होतो, हिला एकदा माझ्यावर ओरडू दे.

इतक्या दिवसांत तू एकदाही ते म्हणाली नाहीस. दवाखान्यात नाही, इथे नाही, कपडे धुताना नाही. मी वाट बघतो आहे.

हे पत्र तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवतो. उठलीस की आधी चहा घे, मग रिपोर्टचं वाच, आणि मग बाहेर येऊन मोठ्याने म्हण, "मी सांगत नव्हते?" आत्याला खाली ऐकू गेलं पाहिजे. मी इथेच बसलो आहे.